मळीची ट्रॉली
परवा राहुरीजवळ शेताच्या कडेला खतासाठी उतरवलेल्या साखर कारखान्यातल्या मळीचा आंबूस वास आला आणि बहिणीचं बाळंतपण आठवलं. मी प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करते, म्हणून आई मला बाळाला हातही लावू देईना. "अगं, विषाणूतलं रोगाचं सगळं काढून आम्ही त्यात चांगलं जनुक भरतो आणि पेशीत पोचवतो," मी काकुळतीनं सांगितलं. वडील बशीतला चहा फुंकत म्हणाले, "म्हंजी कारखान्यावर ऊस खाली करायचा अन् त्याच ट्रॉलीत मळी भरून आनायची, तसंच की!" आईनं विचारलं, "पर ट्रॉली नीट झाडली का, ते कोन बघतं?" "मीच," म्हटल्यावर तिनं बाळ अलगद माझ्या मांडीवर ठेवलं. आता विद्यार्थ्यांना हेच शिकवताना उदाहरण मी वडिलांचं देते, परीक्षेत प्रश्न मात्र आईचाच विचारते.