दोन घरं, एक लाइन

लालबागच्या आमच्या चाळीत इंटरनेट बिघडलं की दुरुस्तीला तो येतो. नाव कधी विचारलं नाही. बोलतो इतकं हळू, जणू शेजारी कुणी झोपलंय.

माझं आणि शेजारच्या काकांचं कनेक्शन एकच. मी घरून एका वकिलांची कागदपत्रं टाइप करते. परवा माझं बोट चुकलं आणि कुणाच्या तरी घटस्फोटाचं पान थेट काकांच्या टीव्हीवर झळकलं. वकीलसाहेब म्हणाले, "आजच्या आज वेगळं नेटवर्क करा, नाहीतर काम बंद."

मी त्याला बोलावलं. त्याने त्याच लाइनवर दोन नेटवर्क केली, एक माझं, एक काकांचं. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"पासवर्ड तुम्ही टाका, ताई. मला कळायला नको."

काकांकडेही तो तसाच पाठ फिरवून उभा राहिला.

परत येऊन मला म्हणाला, "आता काकांचा टीव्ही शोधा."

मी लॅपटॉपवर आसपासचे टीव्ही शोधले. यादी कोरी होती.

"नाय दिसत ना?" काकांनी दारातून विचारलं.

"नाही दिसत, काका."

मी वकिलांना फोन लावायला उठले, तर तो लॅपटॉपसमोर येऊन बसला. डोळे चमकत होते.

"ताई, परत एकदा शोधा ना. ती कोरी यादी मलापण बघू दे."