सासूबाईंची नववी ड

आमच्या सासूबाईंनी आयुष्यात कधीही जिंकणाऱ्याची बाजू घेतलेली नाही. निवडणुकीत त्यांनी मत दिलेल्या उमेदवाराची अनामत वाचली तर आमच्याकडे तो सण मानला जातो. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत त्या ज्या मुलीला पाठिंबा देतात, ती पुढच्याच रविवारी डोळे पुसत घरी जाते. भाजीवाल्याकडे त्या मुद्दाम कोपऱ्यातली, कुणी हात न लावलेली वांगी उचलतात. आपल्या एकुलत्या एका मुलीसाठी आलेल्या स्थळांतून त्यांनी मला निवडलं, याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. मग एकदा मेघानं, म्हणजे माझ्या बायकोनं, बाकीची स्थळं कोणकोणती होती ते सांगितलं, आणि हा प्रकारही वांग्यांसारखाच होता हे माझ्या लक्षात आलं.

सासूबाई नागपूरच्या. तिथल्या एका मुलांच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी पुण्याचा, म्हणजे न विचारता समजावून सांगणारा, आणि गेली वीस वर्षं न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहणारा. सासरे गेले त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या. आम्ही दोघं ऑफिसला, आमची सानिका शाळेत, आणि सासूबाई दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या हिरवळीकडे पाहत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला अगदी साधेपणानं विचारलं, "मिलिंदराव, या गावात माणसं राहतात ना?" मला वाईट वाटलं. त्यांचं मन रमवायचं म्हणून मी त्या संध्याकाळी बेसबॉलचा सामना लावला आणि खेळ समजावून सांगायला बसलो.

इथं एक कबुली द्यायला हवी. मला बेसबॉल कळत नाही. वीस वर्षं अमेरिकेत काढूनही या खेळाबद्दल मला फक्त तीन वाक्यं येत होती. सोमवारी ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी मी ती आलटूनपालटून वापरायचो: काल फार जिव्हारी लागलं, पिचर अजून एक ओव्हर ठेवायला हवा होता, आणि पुढचं वर्ष आपलं. त्यातल्या दुसऱ्या वाक्यात ओव्हर म्हणायचं नसतं, हे मला त्या संध्याकाळपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन दिवस सासूबाईंना समजावलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं चुकतंय कुठं ते मला समजावलं. चौथ्या दिवशी त्या सानिकेला म्हणाल्या, "तुझ्या बाबांना मध्ये बोलू देऊ नकोस, माझं लक्ष उडतं." सानिका म्हणाली, "आजी, ही डझंट इव्हन नो द रूल्स."

आमच्या भागातल्या त्या संघाचं नाव मी सांगत नाही. त्यांचे आधीच पुरेसे हाल झालेले आहेत. त्या वर्षी तो संघ ज्या सातत्यानं हरत होता, त्या सातत्यानं मी कधी व्यायामसुद्धा केलेला नाही. आठवडाभर पाहून सासूबाईंनी विचारलं, "हे एवढे काहून हरून राहिले?" मी पेपरात वाचलेलं सांगितलं. संघाची पुनर्बांधणी चालू आहे. मालकांनी सगळे नावाजलेले खेळाडू दुसऱ्यांना देऊन टाकलेत आणि त्यांच्या बदल्यात वीस-एकवीस वर्षांची होतकरू मुलं घेतली आहेत. ती तयार होईपर्यंत दोन-तीन वर्षं असंच हरायचं, असं ठरलंय. सासूबाई एकदम सरसावून बसल्या. "म्हणजे नववी ड आहे ही," म्हणाल्या.

नववी ड ही त्यांच्या शाळेतली तुकडी. तिच्यावर जायला कुणी शिक्षक तयार नसायचा आणि सासूबाई दर वर्षी ती मागून घ्यायच्या. हुशार पोट्ट्यांना काय, पुस्तक दिलं तरी पुरतं, असं त्यांचं मत. त्या दिवसापासून आमच्या घरी तुकडी भरू लागली. त्यांनी सानिकेकडून एक वही मागून घेतली आणि प्रत्येक खेळाडूला एक पान दिलं. पानावर नाव नसायचं, कारण ती नावं त्यांच्या तोंडी बसत नसत. त्याऐवजी खूण असायची. 'दाढीवाला: हात चांगला, लक्ष नाही.' 'लंबू: धावतो बरा, पण विचार करून धावत नाही.' 'सोनसाखळी: घरच्यांना भेटायला बोलवावे.' सामना चालू असताना त्या कधी ओरडल्या नाहीत. कुणी सोपा झेल सोडला की चष्मा काढून पदरानं पुसायच्या आणि परत घालायच्या. ते आमच्या घरातलं सगळ्यात कडक वाक्य होतं.

त्यातला त्यांचा लाडका एक डावखुरा पिचर. एकवीस वर्षांचा, कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावरून आलेला, आणि चेंडू असा फेकायचा की चेंडू कुठं जाणार हे त्याच्यासकट कुणालाच माहीत नसे. मुलाखतीत त्याच्या शेजारी दुभाष्या उभा असायचा. ते पाहून सासूबाई म्हणाल्या, "हाही व्हिसावरच आलेला दिसतो." त्या दिवशी त्याच्या पानावर लिहिलं गेलं: 'मन लावतो. बुटांकडे फार पाहतो.' मला यात काहीच दिसलं नव्हतं. मग मीही पाहिलं. चेंडू टाकण्याआधी तो खरंच मान खाली घालून आपल्या बुटांकडे पाहायचा.

दुसऱ्या वर्षी सासूबाई एप्रिलमध्ये आल्या ते वही बरोबर घेऊनच. मला वाटतं, इमिग्रेशनच्या माणसानं येण्याचं कारण विचारल्यावर त्यांनी लेकीच्या आधी डावखुऱ्याचं नाव घेतलं असावं. पण जूनमध्ये त्याचे सलग तीन सामने वाईट गेले आणि संघानं त्याला खालच्या दर्जाच्या संघात पाठवून दिलं, पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावी. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी संघाच्या मॅनेजरला पत्र लिहिलं. शाईच्या पेननं, समास सोडून, मुख्याध्यापिकेच्या इंग्रजीत. मला वाचून दाखवलं. अभ्यासक्रम पूर्ण होण्याआधी परीक्षा घेतली तर नापास कोण होतं, विद्यार्थी की शाळा, असा त्यात रोखठोक प्रश्न होता. पाकिटावर पत्ता लिहून, तिकीट लावून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "ऑफिसला जाता जाता टाका," म्हणाल्या.

मी ते टाकलं नाही. गाडीच्या खणात ठेवलं. पाकिटामागे माझा पत्ता होता. तिकडच्या ऑफिसात ते कुणीतरी मोठ्यानं वाचेल, चारजण हसतील, कुणी फोटो काढून इंटरनेटवर टाकेल आणि सोमवारी कॉफीच्या यंत्रापाशी तो माझ्यापर्यंतच येऊन पोचेल, इथपर्यंत माझी कल्पना धावली. आपल्याला कुणी हसू नये म्हणून मी या देशात वीस वर्षं जेवढे कष्ट घेतले, तेवढे कामात घेतले असते तर आज डायरेक्टर असतो. सासूबाई मात्र रोज दुपारी चपला घालून अंगणाच्या टोकाशी पत्रपेटीपर्यंत जायच्या. मी संध्याकाळी आलो की सांगायच्या, "आजही नाही आलं. मोसम चालू आहे, बिझी असतील." मी मान हलवायचो. असं जवळजवळ अडीच आठवडे चाललं.

मग एका शनिवारी आम्ही किराणा आणायला निघालो असताना सानिकेनं टिश्यूसाठी खण उघडला. "बाबा, व्हाय इज आजीज लेटर इन हिअर?" आजी मागच्याच सीटवर होत्या. दुकानात त्यांनी फक्त कोथिंबीर निवडली. घरी आल्यावर मी सामान लावत होतो तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मिलिंदराव, लाज वाटली का तुम्हाला माझी?"

"नाही हो आई, विसरलो. कामाच्या गडबडीत..."

"एकतीस वर्षं पोट्ट्यांची खोटी कारणं ऐकली मी. तुमचं त्यातही कच्चंच आहे."

मी हातातली डाळीची पिशवी खाली ठेवली. "वाटली," म्हणालो. "तुमची नाही पण. लोक हसतील याची."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. तो दिवस आणि त्याच्या पुढचे तीन दिवस घरात सामना लागला नाही. संघ त्या तिन्ही दिवशी हरला, ते मला फोनवर कळलं, पण सांगणार कुणाला. मेघा माझ्याशी कामापुरतं बोलत होती. चौथ्या दिवशी मी त्यांच्या खोलीच्या दारावर टकटक केली आणि विचारलं, "आई, रविवारी पेनसिल्व्हेनियाला जायचं का? त्याला प्रत्यक्षच भेटू." त्या पोथी वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "किती वाजता निघायचं?"

दोन तासांचा रस्ता. लहानसं स्टेडियम, तालुक्याच्या गावच्या शाळेच्या मैदानाएवढं. सामन्याआधी खेळाडू कठड्यापाशी येऊन सह्या देतात. तिथं सगळी लहान मुलं आणि त्यांच्यात सुती साडी, पायात स्पोर्ट शूज आणि डोक्यावर संघाची टोपी घातलेल्या आमच्या सासूबाई. मी चार पावलं मागे, त्यांच्याबरोबर आहे आणि नाही अशा बेतानं. तो आला. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बारका होता. त्यानं सही करायला हात पुढे केला तर सासूबाईंनी त्या हातात मॅनेजरच्या नावाचं तेच पाकीट ठेवलं. तो गोंधळून माझ्याकडे पाहायला लागला. मी पुढे झालो, आणि कधी नव्हे ते माझ्या तिन्ही वाक्यांपैकी एकही आठवेना.

सासूबाई मात्र सावकाश, एकेक शब्द वेगळा करत बोलल्या, "लेटर इज फॉर युअर बॉस. बट यू रीड." मग त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. "व्हाय यू आर लुकिंग अ‍ॅट शूज? शूज आर फाइन."

त्यानं खाली पाहिलं. मग वर पाहिलं आणि हसला. त्याच्या दोन दातांमध्ये फट होती. टीव्हीवर ती कधी दिसली नव्हती, कारण टीव्हीवर तो कधी हसलाच नव्हता.

"यू फ्रॉम इंडिया?" त्यानं विचारलं.

"नागपूर."

"फार अवे?"

"व्हेरी फार."

"व्हेन यू गो होम?"

"सप्टेंबर."

"मी टू," तो म्हणाला. "माय मदर, शी वेट." एवढं बोलून त्यानं ते पाकीट घडी न करता टोपीच्या आत ठेवलं, टोपी डोक्यावर घातली आणि सराव करायला गेला. सासूबाई कठडा धरून तशाच उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यानं काही फार दिवे लावले नाहीत, तिसऱ्याच डावात त्याला काढून घेतलं. पण बुटांकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही, असं सासूबाईंचं म्हणणं आहे. मी तेव्हा पॉपकॉर्नच्या रांगेत होतो.

सप्टेंबरात सासूबाई नागपूरला परतल्या आणि त्यानंतर दोनच दिवसांनी संघानं त्याला पुन्हा वर बोलावलं. मी फोन करून हळहळलो. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं. मी तिथं असते तर दडपण आलं असतं त्याला." तो दोन सामने खेळला. एक हरला, दुसऱ्यात बरा खेळला आणि मग त्याच्या बेटावर निघून गेला.

आता नवा मोसम तोंडावर आलाय. इथल्या सगळ्या जाणकारांनी आमच्या संघाला शेवटचं स्थान दिलंय. जानेवारीच्या अखेरीस सासूबाईंनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. त्यांच्या हिशेबानं संघ शेवटून तिसरा येईल. लंबू आता विचार करून धावतो. दाढीवाल्यानं दाढी काढलीय, म्हणजे घरच्यांनी लक्ष घातलेलं दिसतं. पिचर अजून कच्चे आहेत, पण ऑगस्टनंतर हे पोट्टे कुणाला सुखानं जिंकू देणार नाहीत. डावखुऱ्याच्या पानावर फक्त 'वरच्या वर्गात घालण्यास हरकत नाही' असं लिहिलं होतं.

पण यंदा त्या येणार नाहीत. हृदयाचे ठोके चुकतात म्हणून डॉक्टरांनी एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला मनाई केली आहे. बातमी त्यांनीच सांगितली, शाळेला सुट्टी जाहीर करावी तशी. मेघा रडली. मी तिला समजावलं आणि नंतर गॅरेजमध्ये जाऊन उगाच हत्यारं लावत बसलो. तिथली पहाट म्हणजे इथला सामना, आणि डॉक्टरांनी झोप मोडू नका असंही सांगितलंय. मी म्हटलं, आई, सामन्यातले निवडक क्षण मिळतात नंतर, ते पाहत जा. "त्यात नुसते चांगले फटके दाखवतात," त्या म्हणाल्या. "मधलं सगळं कोण सांगणार?"

तेव्हा गेल्या रविवारी सकाळी मी नागपूरला फोन लावला. तिथं संध्याकाळ होती. त्या गच्चीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. आदल्या दिवशी सरावाचा सामना झाला होता आणि तो मी पहिल्या चेंडूपासून पाहिला होता, समोर कागद घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा. मी सांगायला लागलो. कोण कसा उभा होता, कुणी कुठला चेंडू सोडला, पाचव्या डावात काय घोळ झाला. तीन ठिकाणी त्यांनी मला दुरुस्त केलं. मग हळूहळू त्यांचं दुरुस्त करणं थांबलं. पलीकडून फक्त पाखरांचा आवाज येत होता. मी बराच वेळ बोलतच होतो, मग थांबलो.

"आई, आहात ना?"

"आहे," त्या म्हणाल्या. "सहावा डाव राहिला. सांगा."