काचेची पट्टी

भिंतीला तिरका तडा गेला, तेव्हा गवंडीमामांनी त्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली. “भिंत हलली तर काच तडकेल, ताई. तोवर निर्धास्त झोपा.”

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. रोज चहाआधी मी काच तपासते. घराखाली काळा कातळ आहे, लाव्हा थिजून झालेला. त्याच्याच भरवशावर आम्ही घर बांधलं. पण हा कातळ अख्ख्या देशासकट उत्तरेकडे सरकतोय म्हणे, नखं वाढतात तितक्या संथपणे. त्या रेट्याने तिकडे हिमालय उचलला जातो आणि इकडे अधूनमधून जमीन हादरून आमची मांडणीवरची भांडी वाजतात.

काच अजून शाबूत आहे. काल नखं कापली आणि तुकडे तळहातावर घेऊन बघत बसले. एवढे सरकलो आपण, घर, भिंत, मी, सगळेच. आणि काचेला पत्ताही नाही.