खाडीला लाट नसते

माणसं जमिनीवरून भांडतात, मानपानावरून भांडतात, पंक्तीत कोणाला आधी वाढलं यावरूनही भांडतात. पण एका शब्दापायी सबंध ठाणे गावाशी उभं वैर धरलेला माणूस त्रिभुवनात एकच झाला आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. शब्द होता 'लाट'. तो कोणी ढिलाईने वापरला की आमच्या काकांच्या कपाळाची शीर ताठ व्हायची. काका बंदरावर जकातीच्या नाक्यावर कारकून होते. कल्याणहून, वसईहून मचवे यायचे, नारळ, कौलं, सुकी मासळी उतरायची, आणि माल उतरेपर्यंत काका तांडेलाला बाजूला घेऊन लाटांची उलटतपासणी करायचे. कुठे फुटते, आवाज आधी की फेस आधी, माघारी जाताना वाळू ओढते की नाही. त्या चौकशीतून त्यांनी एक कायदाच केला होता. वाऱ्याने पाणी शहारतं तो तरंग. पसरत जाऊन विरते ती लहर. मचव्याला झुलवतो तो हेलकावा. आणि उंच उठून, कमान धरून, स्वतःच्याच अंगावर फुटते ती, आणि तेवढीच, लाट. "न फुटेल ते नुसतं पाणी," असं म्हणून ते पानाची चंची गुंडाळत, की निकाल लागला.

मी कृष्णाकाठची. क्रमिक पुस्तकं वाचून सासरी आलेली सून, आणि त्या विद्येचा तोरा असा, की पाणी शेंदतानाही आपल्याकडे कोणी विदुषी म्हणून बघतंय का, इकडे माझं लक्ष. आल्या आल्याच खाडीकडे पाहून मी जावेला म्हटलं, "काय बाई लाटा उसळतायत." काका ओसरीवर होते. थोरल्या पुरुषांनी सुनेशी थेट बोलायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून ते अंगणातल्या तांब्याच्या हंड्याकडे वळले. "हंड्या," ते म्हणाले, "देशावरून आलेल्यांना सांग, खाडीला भरती येते, ओहोटी येते, म्हशी येतात. लाट येत नाही." पुढे कैक वर्षं माझं शिक्षण त्या हंड्यामार्फतच झालं. मला एवढा संताप यायचा, की घासताना मी त्याला ठिकठिकाणी पोचे पाडले. हंड्याने काय केलं होतं बिचाऱ्याने. पण सासऱ्याला पोचे पाडता येत नाहीत.

कीर्तनातही तीच गत. एकदा बुवा रंगात येऊन म्हणाले, "गोपींच्या हृदयात प्रेमाची लाट उठली," आणि मागच्या रांगेतून काका म्हणाले, "उठली हे ठीक. फुटली कुठे?" बुवा बावचळले. "हृदयातच फुटली," म्हणाले. "मग गोपी जिवंत कशा?" त्या दिवशी आरतीची तबकं गेली तशीच रिकामी परत आली, आणि बुवा पुन्हा ठाण्याला फिरकले नाहीत.

हेही लोकांनी पोटात घातलं असतं. पण काकांनी सोमवती अमावास्येला हात घातला. ठाण्याच्या लोकांची जुनी सोय अशी, की पर्वणीचं समुद्रस्नान खाडीतच उरकायचं. पाणी खारं आहे ना, झालं तर मग. भिक्षुक धक्क्यावरून संकल्प सांगत होता, अर्धं गाव कमरेएवढ्या पाण्यात उभं होतं, बायका अलीकडे, पुरुष पलीकडे, आणि काकांनी हात वर केला. "समुद्रस्नान म्हणजे डोक्यावर लाट फुटली पाहिजे. इथे लाट कुठे आहे? तुमचं कोणाचंच स्नान झालेलं नाही."

"अहो काका, एवढे ओले झालो ते?" भिक्षुकाने विचारलं.

"ओली म्हैसही होते."

आपली आजवरची सगळी पुण्याई एका जकात-कारकुनाने धुऊन काढली म्हणून लोक खवळले. मी मात्र पाण्यात उभी राहून पदराआड खूष होते. म्हटलं, गावालाही कळू दे हंड्याचं दुःख. खूष नव्हत्या त्या एकट्या काकू, काकांच्या मंडळी. त्या ओल्या लुगड्याने तशाच घरी चालत आल्या आणि चुलीपाशी बसून म्हणाल्या, "मग माझा नवस?"

त्यांच्या एकुलत्या एक मुलाला लहानपणी देवी आल्या होत्या. तो वाचला तर समुद्रस्नान करीन, असं काकू बोलल्या होत्या. मुलगा वाचला, नोकरीला वऱ्हाडात गेला, आणि नवस फेडला होता तो ह्याच खाडीत. "तुमच्या म्हणण्याने तो फिटलाच नाही," काकू म्हणाल्या, "आणि पोर तिकडे परमुलखात." काकांनी तेव्हा 'चालतं गं खाडीतलंही' एवढं म्हटलं असतं तर काय जिभेला फोड आला असता? पण नाही. ते खांबाला टेकून बसून राहिले. काकूंनी त्या दिवसापासून मीठ सोडलं. "खारं पाणी डोक्यावर फुटेल तेव्हाच खारं जिभेवर."

आता तरी काकांनी उठावं की नाही? तर कधी गुरू वक्री, कधी गुडघा वक्री. काकू आळणी पेजेवर वाळत चालल्या. शेवटी मी चिडून त्यांना विचारलं, "काका नेत का नाहीत तुम्हाला?"

काकू हळूच म्हणाल्या, "अगं, त्यांनी तरी कुठे पाहिलाय समुद्र."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. ज्या माणसाने मला वर्षानुवर्षं हंड्यासमोर उभं केलं, त्याने जन्मात लाट पाहिली नव्हती. "मग जाऊन बघायची भीती कसली?"

"लाट सांगितली तशी नसली तर, ह्याचीच," काकू म्हणाल्या.

पुढची सोमवती जवळ आली तशी मीच हंड्यासमोर उभी राहिले आणि ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हंड्या, काकांना सांग, नवस फेडायला न्यायचं नसेल तर मी काकूंना घेऊन एकटी जाते." मला वसई कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हतं. पण काका उठले.

बाळकुमचा पास्कू तांडेल काकांच्या ओळखीचा. त्याच्या मचव्यातून आदल्या दिवशी आम्ही तिघं वसईला गेलो आणि पहाटे किनाऱ्यावर उभे राहिलो. समोर समुद्र पार दूर सरकलेला, ताटात वाढून ठेवल्यासारखा स्वस्थ. काकांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "पास्कू, हे काय?"

"वाट पाहा, काका. दर्या काय तुमच्या नाक्यावरचा शिपाई हाय, हाक मारली का आला?"

बसलो. ऊन चढलं. काका समुद्रावर असे डोळे वटारून होते, की जणू तो जकात चुकवून पळाला असावा. भरती सरकत सरकत जवळ आली, आवाज वाढला, आणि काकू उठून सरळ पाण्यात चालत गेल्या. मागून काका, धोतर सावरत. मीही शौर्याने निघाले होते. समोर पाणी भिंतीसारखं उठताना पाहिलं आणि थांबले ती थेट माडांच्या आळ्यात. वळून पाहते तो काकू फेसात बसून लहान मुलीसारख्या हसतायत आणि काका उताणे, पागोटं दूर तरंगतंय.

"काका, हीच काय ती?" पास्कूने विचारलं.

काकांच्या तोंडातून फक्त पाणी आलं. परतीच्या वाटेवर काकूंनी पास्कूजवळ मीठ मागितलं आणि काकांच्या वाटणीच्या दशम्याही खाल्ल्या.

नंतरच्या वर्षांत काकूंचे पाय अधू झाले. वसईचं नाव निघेना. तरी सोमवती आली की काका त्यांना हाताला धरून खाडीवर न्यायचे, पहिल्या पायरीवर पाण्यात बसवायचे. एकदा मी मागे उभी होते. काकांनी तांब्या भरला, डोक्याच्याही वर नेला आणि एकदम काकूंवर उपडा केला. पाणी त्यांच्या पांढऱ्या केसांवर आपटून चहूकडे उडालं.

काकूंनी डोळे पुसले. "हिला लाट म्हणायचं का?"

धक्क्यावरचा भिक्षुक संकल्प सांगता सांगता थांबला. आता हे काय बोलतात, म्हणून मीही एक पायरी खाली उतरले.

"म्हण," काका म्हणाले, आणि तांब्या पुन्हा भरू लागले.