उरलेल्या दोन रेघा

दुर्गाघाटावरच्या आमच्या गल्लीत समोरासमोरच्या खिडक्यांतून चहाचा कप देता येतो. समोरच्या खिडकीतून मला हाक मारायचा तो फक्त अनंता. त्या सकाळी हाक त्याच्या बायकोची, वहिनींची आली, आणि त्या पुढे काही बोलायच्या आत मला कळलं, अनंता गेला... त्याला आता महिना होऊन गेला.

अनंता यंत्रमागांसाठी इलेक्ट्रॉनिक बोर्ड डिझाइन करायचा. हिरव्या पाटीवर तांब्याच्या बारीक रेघा असतात ना, त्या आखण्याचं काम. पूर्वी तो एकेक रेघ स्वतः आखायचा. मग कॉम्प्युटरवर रेघा आपोआप आखणारा ऑटोराउटर आला. मुख्य रेघा हाताने घालायच्या, बाकीच्या यंत्रावर सोडायच्या. "आपल्या गल्लीत नवखा यात्रेकरू सोडल्यासारखं आहे बघ," तो म्हणायचा. "समोर सांड आला की पलटतो, दुसऱ्याच मोहल्ल्यातून येतो. पण पोचतो!" शेवटच्या दोन रेघा मात्र त्या यंत्राला कधी जमल्या नाहीत. मग खिडकीतून हाक यायची, "मास्तर, ये लवकर, दोन रेघा अटकल्या!"

मी शाळेत ड्रॉइंग शिकवलेला माणूस. विजेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण रेघ कुठून वळवावी ते दिसतं. माझी बायको सुमती गेली, त्या वर्षी त्याने मला पहिल्यांदा बोलावलं. एक रेघ माझी, एक त्याची, मध्ये वहिनींचा चहा आणि आमचं भांडण. "इतका घुमाव कशाला, मास्तर?" "तुझ्या मशीनपेक्षा कमीच आहे!" दिवसभर घरात तोंडातून शब्द निघाला नसला, तरी ती हाक येणार हे ठाऊक असायचं. तिच्यावर मी जगलो, असं म्हटलं तरी खोटं नाही.

परवा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एक बोर्ड अर्धाच राहिलाय. पार्टी रोज फोन करते. बघता का?" मी त्याच्या खुर्चीत बसलो. इतकी वर्षं शेजारी बसून बटणं पाठ झाली होती. बोर्डाच्या मधोमध एक रिकामा चौकोन होता. इथून रेघ न्यायची नाही, असा यंत्राला दिलेला हुकूम. तो प्रत्येक बोर्डावर असायचा. विचारलं की अनंता म्हणायचा, "गर्मी निघायला." पण तिथे तापेल असं काही दिसेना, म्हणून मी तो पुसला आणि यंत्र चालवलं... सगळ्या रेघा पुऱ्या झाल्या. एकही उरली नाही.

मग मी जुने बोर्ड उघडून बघितले. सुमती होती तेव्हाचे बोर्डही यंत्रानेच पुरे केलेले, पण त्यातल्या एकावरही तो चौकोन नाही.

लबाड कुठला! इतकी वर्षं मला पत्ता लागू दिला नाही. त्या खुर्चीत बसून मी पोटभर रडलो. समोर माझी खिडकी दिसत होती, बंद. इथून ती रोज अशीच दिसत असणार त्याला.

चौकोन परत जागेवर ठेवला. यंत्र पुन्हा चालवलं. दोन रेघा उरल्या, त्यातली माझी मी ओढली.

काल पार्टीचा फोन आला तेव्हा वहिनींनी तो माझ्या हातात दिला. "मास्टर साहब, बोर्ड कब मिलेगा?"

"बस, एक लकीर बाकी है, भैया," मी म्हणालो.

ती अनंताची आहे.