फिरायला नाही, वॉकिंगला

शिलाई मशीनखाली कातरण कधी जमा होतं ते कळत नाही, झाडायला वाकलं की कळतं. आमच्या वॉकिंगच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. परवा एकीला सहज एक सांगायला घेतला, तर त्याच्यामागून दुसरा आला, दुसऱ्यामागून तिसरा, आणि ती बाई माप द्यायचं सोडून ऐकत बसली.

मी नगरकडच्या कर्जतला ब्लाऊज शिवते. आमच्या वॉकिंग ग्रुपात आम्ही तिघी. मी, बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या नसीमभाभी आणि आमच्या गल्लीतली शोभा. शोभाच्या नवऱ्याचं, म्हणजे भाऊसाहेबांचं, खत-औषधांचं दुकान आहे. घरात सासू आहे, तिला सगळी गल्ली आत्याबाई म्हणते. आत्याबाईंच्या तोंडाला लागायची हिंमत अख्ख्या गल्लीत कुणाची नाही.

*

सुरुवात झाली शोभाच्या शुगरपासून. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घ्या आणि रोज वॉकिंग करा."

सोबत आत्याबाई गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी चालायचंच ना? मग घरात काय ही रांगती व्हय?"

त्यांचंही खोटं नव्हतं. शोभा उठल्यापासून पायावरच असते. पाणी भरा, डबे करा, दळण आणा, दुकानातून निरोप आला की पाहुण्यांना चहा पाठवा. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं, "आजी, ते वॉकिंग नाही. वॉकिंग म्हणजे हातात काही काम नसताना चालायचं."

आत्याबाईंनी एकदा सुनेकडे बघितलं, एकदा डॉक्टरकडे. "काम नसताना? आन एवढं सांगायची बी फी घेतो तू?"

*

शोभाला एकटीला कोण सोडणार? म्हणून मी आणि भाभी तयार झालो. मी घरी म्हटलं, "संध्याकाळी जरा फिरायला जात जाईन म्हणते."

आमचे हे म्हणाले, "कुठं? कुणाबरोबर? आणि भाकऱ्या?"

मी चार दिवस जाऊ दिले आणि म्हटलं, "डॉक्टरांनी वॉकिंग सांगितलंय." आता सांगितलं होतं शोभाला, पण ते कोण विचारतंय. ह्यांनी टीव्हीवरची नजरसुद्धा हलवली नाही. म्हणाले, "मग करायलाच पाहिजे. पाणी पिऊन जा."

त्या दिवशी मला ह्या शब्दाचा अर्थ कळला. पुरुष फिरायला गेला तर तो फिरायला गेलेला असतो. बाई फिरायला गेली तर ती 'कुठंतरी' गेलेली असते. आणि वॉकिंगला गेली तर ती औषध घेत असते.

भाभी म्हणाल्या, "इंग्रजी आहे म्हणून चाललं. तू मराठीत 'चालायला जाते' म्हणाली असतीस ना, तर जाता जाता दळण टाक म्हणाले असते."

*

पण नुसता शब्द मिळून भागत नाही. आमच्याकडे रस्त्यानं कुणी पायी चाललेलं लोकांना बघवतच नाही. राशीन रोडला लागलो की मागून मोटरसायकल आलीच. "काकू, बसा. कुठं सोडू?" वॉकिंग करतोय म्हणून सांगितलं तर माणूस म्हणणार, "असू द्या हो, परकं समजता का आम्हाला?"

एकदा शोभाच्या माहेरचे पाहुणे टेम्पो घेऊन आले. त्यांना नाही म्हटलं तर माहेरी निरोप जाणार, की पोरगी आता ओळख दाखवत नाही. तिघी निमूट मागे चढलो, कांद्याच्या गोण्यांवर बसलो आणि निघाल्या जागी परत आलो. वर पाहुण्यांना चहा करावा लागला तो वेगळाच.

शेवटी भाभींनी तिघींना पांढरे स्पोर्ट शूज घ्यायला लावले. साडीवर ते बूट! पहिल्या दिवशी लोक गाड्या हळू करून हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाभी म्हणाल्या, "हसू दे. हसणारा गाडी घेऊन पुढं तरी जातो."

*

आता खरं सांगायचं तर आम्ही चालत होतो ते कालव्याच्या पुलापर्यंत. तिथं कठडा रुंद आहे. एकदा टेकलं की उठवत नाही. सासवा, जावा, सिरियल, कुणाच्या लग्नात कुणी कुणाला साडी हलकी दिली, हे सगळं उभ्यानं बोलायचे विषय आहेत का?

भाऊसाहेबांना संशय आला असावा. त्यांनी शोभाच्या मोबाईलमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकलं आणि रोज रात्री बघायला लागले. पहिल्याच रात्री म्हणाले, "एवढी थोडी? एवढं तर मी काउंटरमागं चालतो."

दुसऱ्या दिवशी भाभींनी पुलावर बसल्या बसल्या तो मोबाईल शोभाच्या पायाला रुमालानं बांधला. "हलव पाय," म्हणाल्या, "आणि त्या जावेचं काय झालं ते सांग." शोभा पाय हलवत राहिली आणि आम्ही शेंगा खात ऐकत राहिलो. विषय जावेचा असल्यामुळे पाय जोरात हलत होता.

रात्री भाऊसाहेब घाबरले. म्हणाले, "अगं, राशीनला जाऊन आलीस का काय? एवढं चालत जाऊ नको, गुडघे जातील."

*

माझी टेप कुणाचं ऐकत नाही. वॉकिंग चालू होऊन बरेच महिने झाल्यावर मी दोघींची मापं घेतली. भाभींचं माप वाढलं होतं.

मी म्हटलं, "भाभी, हे काय? वॉकिंग करता ना?"

"म्हणून तर भूक लागते," त्या म्हणाल्या. "शिलाईत कापड सोडून ठेव, अजून करणार आहे मी."

शोभाची शुगर मात्र उतरली. आम्हालाच खरं वाटेना. डॉक्टर तर इतके खूष झाले की येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटला आमचं नाव सांगायला लागले. "त्या तिघींकडे बघा, रोज वॉकिंग, एक दिवस खाडा नाही." खाडा नव्हता हे खरंच होतं.

आणि इथंच घात झाला. भाऊसाहेबांनी रिपोर्ट बघितला, देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाले, "गेली ना शुगर? मग आता कशाला वॉकिंग? दुकानात संध्याकाळीच गर्दी असते, तिथं बसत जा."

शोभा यायची बंद झाली. आम्ही दोघी पुलावर जायचो, पण शेंगा तशाच पुडीत परत यायच्या. मला फार वाईट वाटत होतं. ह्यामागे आत्याबाईच असणार, याबद्दल आम्हाला शंका नव्हती.

एका दुपारी शोभा फॉल लावायच्या निमित्तानं माझ्याकडे आली आणि एकदम रडायलाच लागली. म्हणाली, "ताई, मी चोरून जिलबी खाल्ली. दोनदा खाल्ली. तरी शुगर येईना."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? डोळे जातील, पाय जातील."

"मग काय करू? तेवढाच एक तास होता ताई, मला कुणी हाक मारत नव्हतं."

मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

*

त्यानंतर आठवडाभरातच आत्याबाई माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं, जिलबीचं कळलं, आता माझी काही धडगत नाही. त्या आत येऊन मापाच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "दवाखान्यात चल माझ्यासंगं. पोराला सांगू नको."

मी घाबरले. रस्ताभर विचारत राहिले, काय होतंय, छातीत दुखतं का, चक्कर येते का. त्या आपल्या झपाझप पुढं चालत होत्या.

डॉक्टरांनी सगळं बघितलं. बीपी बघितलं, शुगर बघितली, छातीला नळी लावून बघितली. हसून म्हणाले, "आजी, तुम्हाला काही झालेलं नाही. ठणठणीत आहात."

आत्याबाईंचा चेहरा पडला. "नीट बघ जरा. कायतरी असंल."

"काहीच नाही आजी. खरंच."

"एवढं वय झालं, आन कायबी न्हाई?" त्या दोन्ही हात टेबलावर ठेवून पुढं वाकल्या. "मग सुनंला संगं घिऊन रोज घराभायेर पडायचं, तर पोराला सांगू काय मी?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. मग त्यांनी कागद पुढं ओढला, पेन उघडलं आणि विचारलं, "आजी, गुडघा कुठला लिहू? उजवा का डावा?"

"दोनी लिही," आत्याबाई म्हणाल्या. "आन लवकर बरं हुनार न्हाई, ह्ये बी लिही."