पिंपळापुरे सरांनी सोडलेली सुई

ऑपरेशन चालू असताना कोणी फार सुबक काम करायला लागलं की पिंपळापुरे सर ओरडत. रायपूरच्या आमच्या हॉस्पिटलात मी थिएटरची इनचार्ज सिस्टर. त्यांच्या हातात अवजारं देण्यात माझी बरीच वर्षं गेली.

फुप्फुस बदलताना नव्या फुप्फुसाची श्वासनळी रुग्णाच्या नळीला जोडतात. खरा धोका त्या जोडालाच. रक्त पोचलं नाही तर तो काळा पडतो, सुटतो. म्हणून नव्या फुप्फुसाची नळी आखूड ठेवायची, तिच्याभोवतीचं मऊ मांस सोलायचं नाही आणि शेवटी जोडावर जवळच्या चरबीचा जिवंत पदर ओढायचा. ‘‘उघडं लेकरू निजवता काय? पांघरूण घाला,’’ हे सरांचं दर वेळचं.

आमचा पेशंट तिलक रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यात भट्टीला अस्तर लावायचा. त्या धुळीनं त्याची फुप्फुसं निकामी झाली होती. नवं फुप्फुस आलं, आणि सरांचा असिस्टंट निखिल याने त्याची नळी अगदी लख्ख सोलून ठेवली.

‘‘काहून सोलून राहिला बे? मटार हाय का ते?’’

‘‘सर, साफ दिखेगा तो टांका सही बैठेगा.’’ घरी मराठी असूनही निखिल उत्तर हिंदीतच द्यायचा.

‘‘टाका बसंन. जोड मरंन.’’

सोललेला भाग सरांनी कापून टाकला. आता टाके नळीच्या फाट्याला अगदी लागून घ्यायचे होते. चुकलं तर पुन्हा कापायला जागा नव्हती. मी सुई लावलेलं अवजार दिलं. सरांच्या हातात त्याचं टोक थरथरलं. त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं.

‘‘ताई, हे निखिलले दे.’’

‘‘मैं, सर?’’

‘‘मंग काय तिलक शिवंन? कडेले कड लाव. एकीत दुसरी सरकवू नको.’’

निखिलने शिवलं. सर हात छातीशी धरून प्रत्येक टाक्याला ‘‘हव’’ म्हणत राहिले. पांघरूणही त्यानेच घातलं.

काही दिवसांनी दुर्बिणीतून जोड पाहिला. कड गुलाबी होती, काळं कुठेच नव्हतं. ‘‘जिता हाय,’’ सर निखिलला म्हणाले. ‘‘याच्यापुढं तूच शिवजो.’’

त्यांनी पुन्हा सुई धरली नाही. निरोपसमारंभालाही नाही म्हणाले. ते हॉस्पिटल सोडून निघाले तेव्हा मी सरळच विचारलं, ‘‘सर, घरी करमेल का?’’

‘‘नाही करमणार, ताई. पण त्यापायी पेशंटनं काहून मरावं?’’